गणपूर्तीला एक कमी

अंबादेवीच्या मंडपात नवरात्राचं कीर्तन रंगात आलं होतं, आणि बाहेर हस्ताच्या पावसालाही झांजा ऐकून चेव चढला होता. मनकर्णा कडेच्या खांबाला टेकून उभी होती. आख्यान रुक्मिणीचं. एरवी तिनं बुवांचा एक शब्द खाली पडू दिला नसता. पण आज हात इथं जोडलेले आणि जीव अकोल्याला, अशी तिची गत. तेवढ्यात पायऱ्यांवरून पाण्याचा लोट आला आणि तिची एक चप्पल होडीसारखी डुलत निघाली.

"अवं... चप्पल माही!"

एका चिंब तरुणानं नालीच्या तोंडाशी झडप घालून ती धरली आणि तिच्यापुढं आणून ठेवली. "घ्या जी. थेट भातकुली गावाले चालली होती हे!"

मनकर्णा हसली. कितीतरी दिवसांनी. तोही हसला... मग तिच्याकडे नीट बघून एकदम थबकला.

"तुमी मनकर्णाबाई ना? हापिसात तुमच्या बाबांसंगं तुमचा फोटो आहे."

तिचं हसू जागीच विरलं. "तुमी कोन?"

"शेषराव. तुमच्या जिनाचा नवा सेक्रेटरी. काल सभेत तुमची वाट पाहून राहिलो होतो आमी. आज कंपनीच्या कामानं इथं आलो."

ती खांबाआड सरकली. अकोल्याचं ते कापसाचं जिन तिच्या बाबांनी आणि पंजाबरावकाकांनी मिळून उभारलेलं. प्रायव्हेट लिमिटेड कंपनी. बाबा गेले, त्यांचा अर्धा वाटा आणि डायरेक्टरची खुर्ची हिच्याकडे आली. उरलेला अर्धा काका-काकींचा. आता काकांना कंपनी गुंडाळून जागा एका व्यापाऱ्याला विकायची होती. बाबांचं जिन बंद पडणार, या विचारानंच तिला रडू फुटे. पण ज्या काकांनी बाबांमागं हिला शिकवलं, त्यांना 'नाही' म्हणायचं कोणत्या तोंडानं? त्यांचं खाकरणं ऐकलं तरी हिचं पाणी पाणी होई. म्हणून ती सभेला गेलीच नाही. इथं अमरावतीला मावशीकडे लपून बसली.

"बाबांनी नियमच करून ठेवला," ती पुटपुटली, "तिघं हजर असल्याबिगर सभा नाई. मी नाई आली, म्हंजे ठराव बी नाई. बरोबर ना?"

"काल नाई झाला. अर्धा घंटा वाट पायली अन् उठलो."

"मंग मी कधीच येत नाई!"

शेषरावानं मान हलवली. "कायदा भेकडाले एकच डाव माफी देते, बाई. पुढच्या आठवड्यात त्याच वारी, त्याच टायमाले सभा आपोआप भरते. अन् तवा जे येतीन तेवढेच पुरे. कंपनी गुंडाळाले रुपयात बारा आणे मतं लागतात. तुमी बसल्या असल्या, तं काकांजवळ आठच आणे. तुमी नसल्या... तं सोळा!"

मृदंग घुमत होता. मनकर्णाला वाटलं, तो आपल्याच छातीत वाजतोय.

"पन कंपनी तं काकाचीच ना? सारं तेच पाह्यतात."

"अंबामायची जमीन पुजाऱ्याची असते काय? माय तिची मालक. पुजारी बदलते, मानकरी बदलतात, माय राह्यते. कंपनी तशीच, कायद्यानं येगळा जीव. काका तिचे मालक नाईत, तुमी बी नाई. पन तिले जगवाचं का मिटवाचं, ते तुमच्या मतावर."

"हे मले सांगतलं, असं काकाले समजलं तं?"

"तं माही नोकरी गेली," तो हसत म्हणाला. पण सदऱ्याचं टोक पिळणारे त्याचे हात थरथरत होते. हा माणूसही भितो... आणि भीत भीतच सांगतो आहे! मनकर्णाला ते हात दुसऱ्या दिवशीही आठवत राहिले.

दोन दिवसांनी तो पुन्हा मंडपाच्या पायरीशी उभा.

"परवाच तं दर्शन झालं तुमचं?"

"ते कंपनीच्या वतीनं. हे माहं सोताचं."

ती लाजली, पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. मग तो गंभीर झाला. "समजा, मी काका. खाकरतो, हं? ...मने! ठराव मंजूर ना?"

"न्... नाई."

"हे तं मांजरीनं म्याव केलं!"

"तुमी काकावानी दिसतच नाई. भेव येईन कसं?"

"मंग कसा दिसतो?"

मनकर्णा पावसाकडे बघू लागली.

सभेच्या दिवशी अकोल्याच्या मोटारीतून उतरताना ती ओठांतल्या ओठांत 'नाई, नाई' घोकत होती. जिनाच्या अंगणात ओल्या सरकीचा वास कोंदलेला. ऑफिसात काका, जमुनाकाकी, आणि मेजाच्या टोकाला खाली मान घालून शेषराव. हिला पाहताच काकांच्या भुवया वर गेल्या.

"आली? बरं झालं. बस."

ठराव वाचला गेला. काकांनी हात वर केला, काकींनी त्यांच्याकडे बघून केला. मग काका खाकरले.

मनात देवीचं नाव घेत मनकर्णानं मेजाची कड घट्ट धरली.

"माहं मत... इरोधात आहे, काका. जिन बंद करू नका. मी रोज येईन, शिकीन. पन बाबांचं जिन मिटवू नका."

आठ आण्यांवर ठराव पडला. काकांचा स्वर चढला असता तर बरं झालं असतं. तो खोल उतरला.

"हे तुले कोनं शिकवलं, मने?"

शेषराव उभा राहिला. "म्या सांगतलं, मालक."

"उद्यापासून येजो नको."

तो नमस्कार करून निघाला. मनकर्णा सगळ्यांदेखत, सरकी उपसणाऱ्या बायांच्या नजरांमधून, पावसात त्याच्यामागं धावली.

"थांबा! तुमाले काढाचं तं दोन्ही डायरेक्टर लागतात. एक काका, एक मी."

शेषराव वळला. त्याच्या पापण्यांवरून पाणी ओघळत होतं. "काढाले दोन लागतात. सोडाले मी एकटा पुरतो."

"काहून पन? ...कुठं जासान?"

"अमरावतीले. वकिलीची परीक्षा पास आहे, सनद घेतो. तुमच्या पगारावर राहून काकांपुढं तुमचा हात कसा मागू, मनकर्णा?"

पहिल्यांदाच नुसतं नाव. पावसातही तिचे कान तापले.

"अन् काका नाई म्हनले तं?"

"ते भेव मले बी आहे," तो म्हणाला आणि हलकेच हात पुढं केला. "लय आहे."

तिनं आपली भिजलेली बोटं त्या हातात दिली. ऑफिसच्या खिडकीत काका उभे होते, इकडेच बघत. मनकर्णानं ते पाहिलं. तरी तिनं हात मागं घेतला नाही.