हेक्टरच्या रायफलीची कडी

"पहिली खटकलेली गोष्ट म्हणजे कडी बंद होती," असं म्हणून मर्डोकाकांनी शेगडीत पीटचं, म्हणजे दलदलीतल्या वाळवलेल्या मातीचं, एक ढेकूळ सरकवलं. बाहेर डोंगरावर मिट्ट काळोख होता. हरणांच्या शिकारीचं काम शिकायला आलेली दोन पोरं, ईवर आणि कॅट्रिओना, एकाच घोंगडीत पाय खुपसून बसली होती.

"भुताची गोष्ट आहे का?" ईवरनं विचारलं.

"भुताचं नाव काढलं का मी? उनाची आहे. ह्याच बाकावर बसून तिनं मला सांगितली."

मागच्या डिसेंबरातली सात तारीख. त्या दिवसांत इकडे चारलाच दिवे लावावे लागतात. उना गेडिस पंचविशीची, कॉलेजात इतिहास शिकलेली. तीन वर्षं ती टॉरक्विलच्या दुकानात होती. जुन्या ब्रिटिश एकबारी रायफली साफसूफ करून जगभरच्या संग्राहकांना विकणं हा टॉरक्विलचा धंदा. उनाचे डोळे तीक्ष्ण, हात हलका, पण जीव चिमणीचा. केटलची शिट्टी झाली तरी दचकायची.

त्या दुपारी टॉरक्विलनं चामड्याची लांब पेटी तिच्यापुढे ठेवली. पट्टे आधीच आवळलेले.

आता आमच्यात एक रीत आहे. रायफल देणाऱ्यानं घोड्याखालची कडी खाली ओढायची. आतला लोखंडी ठोकळा सरकतो, नळीचं मागचं तोंड उघडं पडतं. घेणाऱ्यानं आत बघायचं आणि म्हणायचं, "पाहिली." मगच ती ह्या हातातून त्या हातात जाते. दीडशे वर्षांची असो, तिच्या मापाची गोळी आता कुठं मिळत नसो, रीत ती रीत. उनाला ती टॉरक्विलनंच शिकवली होती.

"कडी उघडून दाखवा ना," उना म्हणाली.

"अगं बाई, आता कुठं पट्टे सोडतेस! वाटेतही उघडू नकोस, ओल लागेल."

"पण तुम्हीच तर..."

"उना, तू घाबरट आहेस म्हणून तर तुला पाठवतोय. दुसरा कुणी असता तर वाटेत दहादा उघडून बसला असता."

तो हसला. तीही हसली. बापासारखा होता तो तिला.

रायफल हेक्टर मन्रोची. आमच्या दरीतला सगळ्यात जुना शिकारी. ऑक्टोबरात गेला. आजोबांपासून चालत आलेली ती रायफल त्यानं साफ करायला टॉरक्विलकडे दिली होती, कारण चाळीस वर्षांचा दोस्त. पण शेवटी हात धरला तो उनाचा. म्हणाला, "माझ्या बहिणीला, एफीला, तू नेऊन दे. तुझ्या हातानं. दे शब्द." उनानं शब्द दिला. नळी तपासून 'हीच ती रायफल' असा कागद तिनंच लिहिला, खाली सही तिचीच.

हेक्टरची आणखी एक खोड होती. वाऱ्याची दिशा बघायला तो खिशात रानकापूस ठेवायचा, दलदलीत जूनमध्ये फुलतो तो. रायफल कुणाला देताना कडी उघडायचा आणि त्या तोंडात कापसाचा एक झुबका ठेवायचा. म्हणायचा, "पांढरं दिसलं की रिकामी. चष्मा नको न् काही नको."

उना पावणेपाचला दरीच्या रस्त्याला लागली. एकच गाडी जाईल एवढा रस्ता. मेंढ्या अडवायला रस्त्यात बसवलेली लोखंडी जाळी ओलांडली, तेव्हा मागच्या सीटवरून आवाज आला.

खळक्.

पट्ट्याचं बक्कल असेल, ती स्वतःशी म्हणाली. रेडिओ लावला. खरखर नुसती.

खळक्.

तिनं गाडी बाजूला घेतली. टॉरक्विलनं बजावलं होतं, तरी तिनं पट्टे सोडले. आतली मखमल रायफलीच्या आकाराची कापलेली, कडीला हलायलाही जागा नाही. आणि कडी मखमल फाडून खाली आलेली.

उनानं ती बंद केली. पट्टे आवळले. एकेक भोक पुढे.

पुढच्या वळणावर... खळक्.

"कोण आहे?" ती म्हणाली. आपलाच आवाज ऐकून दचकली.

वारा पडला होता. ओढाही ऐकू येत नव्हता.

पळून जावंसं वाटत होतं. पण शब्द दिला होता. तिनं बॅटरीचा दिवा हातात घेतला. पेटी उघडली. कडी उघडी. तोंड उघडं. बघ, म्हणत असल्यासारखं.

तिनं बघितलं.

हेक्टरच्या नळीत, पुढच्या टोकाशी, मोहरीएवढा खड्डा होता. तिनंच तो कागदावर नोंदवला होता.

ही नळी गुळगुळीत होती.

तिनं रायफल उलटी केली. नळीखाली कोरलेला रायफलीचा आकडा तोच. पण अंकांच्या कडा नखाला लागत होत्या. ताज्या. आणि त्यातल्या चारचा पाय तुटका... दुकानातल्या प्रत्येक पितळी बिल्ल्यावर तोच तुटका चार होता. टॉरक्विलच्या आकडे ठोकायच्या ठशाचा.

तशीच दिसणारी दुसरी रायफल. खोटा आकडा. खरा कागद, तिच्या सहीचा. आणि खरी रायफल त्याच्या कपाटात, कुणा परदेशी संग्राहकासाठी.

घाबरट आहेस म्हणून तर तुला पाठवतोय.

उनाला रडू आलं नाही. त्या उघड्या तोंडाकडे बघत ती हळूच म्हणाली, "पाहिली."

तिनं कडी वर केली. ती वरच राहिली.

पुढे खिंडीच्या माथ्यावर फोनला रेंज येते. तिथं उभं राहून तिनं टॉरक्विलला फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला. दुकानाच्या वरच राहतो तो, कुठं जाणार? तिसऱ्यांदा. चौथ्यांदा. बर्फाचे बारीक कण काचेवर आपटत होते. डिसेंबर होता, पोरांनो. दरीत रानकापसाची एक काडी सापडली नसती.

सातव्यांदा फोन उचलला गेला.

"ही हेक्टरची नाहीये," उना म्हणाली. "माझ्या सहीवर तुम्ही एफीला..."

पलीकडे कसलंतरी दार करकरलं.

"टॉरक्विल?"

"उना..." आवाज त्याचाच होता. पण लहान मुलासारखा. "कपाटाला कुलूप होतं गं. किल्ली माझ्या गळ्यात आहे. आता उघडलं मी... हेक्टरच्या रायफलीची कडी खाली आहे. आणि तोंडात..."

"तोंडात काय?"

"पांढरं... ओलं आहे अजून."