तिसऱ्या गोलची टोपी

मला तो पहिल्याच शनिवारी खटकला.

खेळ ऐन रंगात असताना हा पठ्ठ्या कॉफीचा कप घेऊन उठला आणि पायऱ्यांवरून चालू लागला. आमच्या गावात शिटी वाजेपर्यंत म्हातारी माणसंसुद्धा जागा सोडत नाहीत. मागून चौघं खेकसले, तो गांगरला आणि माझ्याच शेजारी टेकला. अर्धी कॉफी माझ्या ब्लँकेटवर.

"माफ करा... मी पहिल्यांदाच बघतोय," तो म्हणाला.

कॅनडात जन्मलेला, तिशीला आलेला माणूस आणि आइस हॉकी पहिल्यांदा? माझा नाही विश्वास बसला. त्यातून त्याच्या मांडीवर वही होती. एकटं बसायचं, टाळी वाजवायची नाही, सारखं टिपत राहायचं – हे लोक आम्ही ओळखतो. मोठ्या क्लबांचे हेर. दोन वर्षांपूर्वी असाच एकजण शेजारच्या ड्वेनला शहरात घेऊन गेला आणि सोळा वर्षांचा पोरगा गुडघा मोडून घरी आला. आता गावात नजरेत भरेल असा एकच खेळाडू उरला होता, नऊ नंबरचा टारस. माझा धाकटा भाऊ. बाबा हिवाळाभर उत्तरेत ट्रक चालवतात, त्यामुळे त्याची काळजी माझ्या गळ्यात.

मी लारिसा म्हटल्यावर त्याने आपलं नाव जूलियन सांगितलं, आणि काम पियानोचे सूर लावायचं. तो कॅनडाच्याच पश्चिम किनाऱ्यालगतच्या बेटावरचा, तिकडे म्हणे तळी गोठतच नाहीत. आमच्या गावात पियानो सगळे मिळून चार. तीन शनिवार झाले तरी याचं काम संपेना, आणि दर शनिवारी बसायचा माझ्याच शेजारी. बर्फावरची निळी रेघ कशासाठी, असं विचारायचा. खेळाची रबरी चकती रेघेपलीकडे जाण्याआधी आपल्या गड्याने रेघ ओलांडायची नाही, असं मी सांगितलं की लगेच लिहून घ्यायचा. चकतीच्या मागे लागू नका, माणसांकडे बघा, असं म्हटलं तर बराच वेळ माझ्याकडेच बघत बसला. त्याचे करडे डोळे मला आवडायला लागले होते. सगळा घोळ तिथेच होता.

तिसऱ्या शनिवारी मी विचारलंच. "खरं सांगा, कुणासाठी येता इथे?"

त्याचे कान लाल झाले. "आज... आज सांगणारच होतो."

"नऊ नंबरसाठी ना?"

"नऊ नंबर कोण?"

सोंग घ्यावं तर असं. मी ब्लँकेट माझ्याकडे ओढून घेतलं आणि हा माणूस आपल्या लेखी संपला असं ठरवून टाकलं.

पहिला गोल आमच्याच संघातल्या डेनिसने केला, मग टारसने लागोपाठ दोन. लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. तेवढ्यात जूलियनने डोक्यावरची लाल लोकरी टोपी काढली आणि सगळा जीव एकवटून बर्फावर भिरकावली. टाळ्या थांबल्या. एवढ्या मोठ्या बर्फावर ती एकटीच टोपी.

"हे काय केलंत?" मी विचारलं.

"तीन झाले ना? मागचे आजोबा म्हणाले, तीन गोल झाले की टोप्या फेकायच्या."

"एकाच खेळाडूने केले तर. पहिला डेनिसचा होता."

"म्हणजे... ते दोघं वेगवेगळे आहेत?"

सगळे हसायला लागले. तीन आठवडे माझा भाऊ याच्या नाकासमोरून धावत होता आणि याला तो दिसलाच नव्हता. हेराच्या हातून ही चूक जन्मात होणार नाही. मी त्याची वही ओढून घेतली. वर लिहिलं होतं, 'शिटीआधी उठू नये.' त्याखाली, 'लारिसाला कॉफीत साखर चालत नाही.' आणि त्याच्याखाली, 'पियानो संपले. शाळेचा पुन्हा लावावा.'

"शाळेचा बिघडलाय?" माझा आवाज उगाचच बारीक झाला.

"नाही. तुमच्यासाठी थांबलोय."

पंच अजून त्याची टोपी उचलत होता. मी माझी निळी टोपी काढली आणि नेम धरून तिच्या शेजारी टाकली. खाली टारसने कपाळाला हात लावला.

"आता ही कशासाठी?" जूलियनने विचारलं.

"तुझ्यासाठी," मी म्हणाले आणि अर्धं ब्लँकेट त्याच्या गुडघ्यांवर सारलं. "बस आता. शिटी वाजेपर्यंत उठायचं नाही."

तो बसला. शिटी वाजली, तरी उठला नाही.