दोन नऊ जुलै

वेल्समधल्या ट्रेगॅरन गावच्या चौकात पाऊस वरून पडत नाही, आडवा येतो. त्यामुळे बसथांब्याच्या छपराखाली उभी राहूनही मेलेरी भिजायची ती भिजलीच. तेवढ्यात शेजारच्या उंच तरुणानं घसा खाकरून वेल्शमध्ये विचारलं, "किती... वाजले... आहे?"

मनगटावर चांगलं घड्याळ होतं त्याच्या! तिला हसू फुटत होतं. पण शिकणाऱ्याला हसू नये हे तिच्या अंगवळणी पडलं होतं. वेल्श शिकवणं हाच तिचा पोटापाण्याचा उद्योग.

"पाचला दहा कमी."

तो बोटं मोजत बसला. दहा... कमी... पाच... समोरून बस आली, थांबली आणि निघूनही गेली.

"तुमची होती का ती?"

"हो!" तो आनंदानं म्हणाला. "पाचला दहा कमी! आणि... तुमची?"

"माझीही तीच," मेलेरी म्हणाली. त्याची बोटं बघण्याच्या नादात तिचीही बस चुकली होती.

पुढच्या मंगळवारी तो चॅपेलमागच्या खोलीत, तिच्या नवशिक्यांच्या वर्गात हजर! नाव रॉस, सरहद्दीपलीकडच्या, इंग्लंडातल्या श्रूझबरीचा, इथल्या चीजच्या कारखान्यात नोकरीला. वर्गात इंग्रजीला बंदी होती, म्हणून यापलीकडे त्याला स्वतःबद्दल काही सांगता येईना.

"सोळा म्हणजे पंधरावर एक. अठरा म्हणजे दोन नऊ," तो एकदा कुरकुरला. "तुम्ही... सरळ का नाही बोलत?"

"आम्हाला कुठं घाई आहे?"

"मला पण नाही," तो म्हणाला, आणि असा बघत राहिला की फळ्यावर काय लिहायचं तेच ती विसरली.

वर्ग सुटला की तो कप विसळायला मागं थांबायचा. मेलेरी मंगळवारी कानात डूल घालू लागली. आई म्हणालीच, "दर मंगळवारी कसला सण असतो गं तुझा?"

मग तारखांचा धडा आला. प्रत्येकानं आपल्याला महत्त्वाची अशी एक तारीख सांगायची. कुणी नातवाचा वाढदिवस सांगितला, कुणी मेंढ्यांच्या बाजाराचा दिवस. रॉस उभा राहिला.

"जुलै. दोन नऊ. शनिवार. दुपारी दीड. माझं... माझं—" शब्द सापडेना, म्हणून त्यानं बोटात अंगठी घातल्याची खूण केली.

"लग्न," तो शब्द मेलेरीनंच पुरवला. "कुणाशी?"

"ग्वेनो."

शाळेत तिच्यासोबत एका बाकावर बसलेली ग्वेनो! श्रूझबरीच्या कुणाशी तरी तिचं ठरलंय, एवढं मेलेरीच्या कानावर होतं. तो कुणी टक्कल पडलेला बँकवाला असेल, असं तिनं उगीचच धरून ठेवलं होतं. रॉसनं लपवलं काहीच नव्हतं. 'माझं लग्न ठरलंय' हे वाक्य त्याच्या पुस्तकात अजून आलं नव्हतं, इतकंच.

त्या दिवशीही तो कप पुसायला थांबला.

"ग्वेनो आणि मी... पहिल्या दिवशी इंग्रजी. म्हणून रोज इंग्रजी. मी वेल्श बोललो, तर तिला हसू. मग परत इंग्रजी. तू—" तो थांबला. "तू आणि मी, कधीच नाही."

त्या मुलखात असंच चालतं. दोन माणसं पहिल्यांदा ज्या भाषेत बोलतात, तीच जन्मभर त्यांच्या गळ्यात पडते. मेलेरीला हे का ठाऊक नव्हतं? तिचा जीव जडला तो जडलाच. त्यावर औषध नव्हतं.

जूनमध्ये ग्वेनो घरी आली. लग्नात करवली म्हणून मेलेरीनंच उभं राहायचं, असा तिचा हट्ट.

"मेल, लग्नाची शपथ इंग्रजीत घेतली असती तरी चाललं असतं गं आमच्याकडे. पण माझ्यासाठी शिकतोय तो. माझ्यासाठी एवढं कुणी कधी केलंय का?" तिचे डोळे भरून आले होते.

"नशीब काढलंस," मेलेरी म्हणाली, आणि किटली भरायला म्हणून उठली ती बराच वेळ आलीच नाही.

शेवटचा वर्ग संपला. सगळे गेले. बाहेर अजून लख्ख उजेड होता. रॉस खुर्च्या रचता रचता थांबला.

"मेलेरी... ती तारीख. दोन नऊ जुलै."

"छान जमते आता तुला."

"मला नको."

"काय नको?"

"तारीख. शनिवार नको, दीड नको. मला मंगळवार... मला सगळे मंगळवार हवे."

इतकं सुंदर वाक्य तिला आजवर कुणी म्हटलं नव्हतं. 'मलाही' हा शब्द अगदी ओठांवर आला. मग ग्वेनोचे ते भरलेले डोळे आठवले, आणि तो शब्द तिनं गिळला.

"घरी जा, रॉस. ग्वेनो वाट बघत असेल. तारीख सांगायला शिकवणं हे माझं काम होतं, ते झालं."

हे ती इंग्रजीत म्हणाली.

"मेलेरी, मी... तू..." तो वेल्शमध्येच चाचपडत राहिला. वर्षभर अडेल तिथं ती शब्द पुरवत आली होती. आज तिनं पुरवला नाही. शेवटी तोही इंग्रजीत बोलला, आणि ती भाषा त्याच्या तोंडून कशी झरझर आली! "मला वाटलं होतं, माझ्यासारखंच तुलाही वाटतंय."

"चुकीचं वाटलं तुला," ती म्हणाली. खोटं बोलायला तिला ती परकी भाषा सोपी गेली.

वर्षभर एकेक वाक्य त्याला दोन-दोनदा समजावून सांगावं लागलं होतं. हे त्याला एकदाच सांगून पुरलं.