डावीकडची जागा

सकाळपासून डगलचं डोकं फिरलं होतं. ओटागोच्या डोंगरात मेंढ्यांची कुरणं खाणारी हरणं मारणं हा त्याचा धंदा. आज पहिल्याच गोळीने हरणाचा मागचा पाय मोडला, आणि तेव्हापासून ते घळीपलीकडच्या उतारावर, पाचशे मीटरवर, लंगडत उभं होतं. घळ उतरून तिकडे जायचं तर अंधार पडला असता. जखमी जनावर तसंच सोडून परतायचं नाही, हा त्याच्या बापाने घालून दिलेला दंडक. वरून ढग खाली सरकायला लागले होते.

नंतरच्या तिन्ही गोळ्या हरणाच्या डावीकडे दोन हातांवर धूळ उडवून गेल्या. वाऱ्याने वाहवल्या म्हणावं, तर वारा होता कुठे? बंदुकीच्या नळीला बांधलेला लोकरीचा धागा सरळ खाली लोंबत होता. पलीकडचं गवतही हलत नव्हतं.

त्यात ही हेदर. थोरला भाऊ टॅम दोन हिवाळ्यांपूर्वी याच घळीत कोसळत्या बर्फाखाली गेला. दुर्बिणीतून वारा बघून नेम किती सरकवायचा ते सांगायचं त्याचं काम आता वहिनी करायची, तेवढ्यावरच तिचं घर चालायचं. वारा सांगणाऱ्याने डावीकडे पडायचं असतं, कारण रिकामी काडतुसं उजवीकडे उडतात. दोन काडतुसांनी तिचा गाल भाजला, तरी बाई हलेना.

“वहिनी, डावीकडे या. किती वेळा सांगू?”

“भावजी, तिथं जागा नाही.”

डावीकडे अख्खा डोंगर मोकळा पडला होता. उद्यापासून दुसरं माणूस बघायचं, डगलने ठरवून टाकलं.

एकच गोळी उरली होती.

“वारा?” तो खेकसला.

शेवटची गोळी त्याने आत सरकवली. मग डाव्या कानाशी कुणीतरी पुटपुटलं, “उजवीकडे दोन हात धर.”

सरकली एकदाची, असं मनाशी म्हणत डगलने हरीण सोडून रिकाम्या गवतावर नेम धरला आणि चाप ओढला.

हरीण जागच्या जागी कोसळलं.

“हे आधी सांगायला काय झालं होतं?” तो डावीकडे वळला.

तिथे कुणी नव्हतं.

हेदर उजवीकडेच होती, गालावर हात धरून.

“मी अजून बोललेच नाही,” ती म्हणाली.

धागा तसाच लोंबत होता. डगलच्या डाव्या अंगाला, हातभरावर, माणसाच्या लांबीएवढं गवत दबलेलं होतं. ते आता हळूहळू उठत होतं, आधी कोपरांपाशी, मग गुडघ्यांपाशी.