खडखड्याची मागणी

पोरांनो, हे कुणालाही खरं वाटणार नाही, एवढं आधीच सांगून टाकतो. ज्याला हसायचं असेल त्याने आत्ताच हसून घ्यावं, मध्ये खोळंबा नको.

तर एका लहानशा गावात, शाळेच्या गल्लीत, लाकूडकामाचं एक दुकान होतं. चालवत होती एक तरुण मुलगी. वडील गेले, हत्यारं मागे राहिली, आणि तिने त्यांच्यावर गंजाचा ठिपकाही पडू दिला नाही. समोर सगळे तिला मिस्त्री म्हणत. पाठीमागे म्हणत 'रंधा', कारण समोरच्याची साल काढण्यात तिची जीभ रंध्याच्याही वरताण होती. दुकानामागच्या दोन खोल्यांत ती आणि तिची आत्या, एवढंच घर.

त्या दुपारी ती एका खुर्चीचा पाय तासत होती. तेवढ्यात टेबलावरची पटाशी आपणहून सरकली. तिने मान वर केली, पटाशी गप्प. मान खाली घातली, पटाशी पुन्हा सरकली! मग हातोडी निघाली. मग खिळ्यांचा डबा उलटला आणि सगळे खिळे शाळा सुटल्यासारखे दाराबाहेर पळाले. भिंतीवरच्या करवतीने तर खुंटीवरून उडीच मारली. शेवटी तिच्या केसांतला लोखंडी आकडा सुटला... आणि मोकळ्या केसांनी ती त्या आकड्यामागे गल्लीत धावली.

गल्लीत एक तरुण उभा होता. त्याच्या हातातल्या पेटीला तिची सगळी हत्यारं चिकटली होती. पेटी कसली, साळिंदर दिसत होतं ते.

"लोहचुंबक आहे," तो ओशाळून म्हणाला. "शाळेतल्या मुलांसाठी आणलंय. जरा... जोरदार निघालं."

"जरा?" ती म्हणाली. "माझी करवत द्या."

"देतो. पण ती सोडत नाहीये."

"ती की तुम्ही?"

दोघांनी मिळून एकेक हत्यार ओढून काढलं. तो पेटी धरी, ती खेची. पटाशी सुटली की दोघं विरुद्ध दिशांना धडपडत. सगळ्यांत शेवटी आकडा राहिला. तो त्याने अलगद सोडवला, उन्हात धरून पाहिला.

"हा कुठला खिळा?"

"खिळा नाही तो."

"मग?"

तिने तोंडावर आलेले केस मागे सारले. त्याने तिच्या मोकळ्या केसांकडे पाहिलं, मग आकड्याकडे, मग पटकन पेटीकडे — आणि त्याचे कान लाल झाले. आता, त्या पेटीत पुष्कळ ताकद होती हे कबूल. पण नंतर दिवस मावळेपर्यंत ती खुर्चीचा एकच पाय तासत बसली आणि खुर्ची लंगडी झाली, याला ती पेटी जबाबदार नव्हती.

हा तरुण शहरातून आला होता. गावोगावच्या शाळांत जाऊन तो मुलांची शिबिरं घेई. त्याची पद्धत अशी, की पुस्तक मिटायचं, आपल्या गावातली एखादी अडचण शोधायची, भंगारातून तिच्यावर इलाज करायचा, मोडला तर पुन्हा करायचा, आणि शेवटी तो विकून दाखवायचा. मुलांनी त्याचं नाव दुसऱ्याच दिवशी ठेवलं, खटपटे सर.

एका गटाची अडचण पाखरांची होती. पीक उभं राहिलं की पाखरं हाकलायला पोरांना शेतात उभं करत आणि शाळा बुडे. त्यांनी ठरवलं, आपल्या जागी वाऱ्यावर फिरणारा एक खडखड्या उभा करायचा. सायकलचं जुनं चाक, पत्र्याचे डबे आणि वारा धरायला पाती. पत्र्याची पाती पहिल्याच झुळकेत दुमडली. तेव्हा गटाची पुढारी, दोन वेण्यांची एक चुणचुणीत मुलगी (तिला सगळे 'मॅनेजर' म्हणत), सरांना हाताला धरून मिस्त्रीच्या दुकानात घेऊन आली.

मिस्त्रीने पाती पाहिली. "सपाट आहेत. वारा यांना ओलांडून जाणार. पात्याला पीळ हवा."

"पीळ कुठून आणायचा?" त्याने विचारलं.

"लाकडातून."

"मला वाटलं, तुमच्याकडे शिल्लक असेल."

मुलं खिदळली. तिने रंधा उचलला, खाली ठेवला, आणि ओठ घट्ट मिटून हसू आत ढकललं. "मॅनेजर, तुझ्या सरांना सांग, इथे काम करायचं असेल तर आधी झाडू मारायचा."

त्याने झाडू मारला. रोज दुपारी शाळेनंतर मुलं येत, त्यांच्यामागे तो येई, आणि दुकानात भुशाचा गोडसर वास, कानशीचा खरखराट आणि पोरांचा कलकलाट भरून राही. पीळ कसा काढायचा ते ती शिकवी. तो मुलांच्या मागे उभा राहून शिके आणि मुलांपेक्षा जास्त पाती फोडी.

"मुद्दाम फोडता का हो?"

"नाही... म्हणजे, पहिली दोन नाही."

खडखड्या पहिल्यांदा फिरला त्या दिवसाचं काय सांगू! आवाज असा, की पाखरं आपली घरटी काखोटीला मारून गेली. शेजारच्या गावातली बंद पडलेली घड्याळं चालू झाली. हेडमास्तरांची दुपारची झोप मोडली, आणि ती तर आजवर साहेब येऊनही मोडली नव्हती.

पण मिस्त्रीच्या मनात दुसरंच काहीतरी खडखडत होतं. आजवर तिला स्थळं आली नव्हती असं नाही. पण येणारा प्रत्येक जण दुकानातून एक फेरी मारी, भिंत थोपटी आणि विचारी, "जागा चांगली आहे. लग्नानंतर याचं काय करायचं?" "तुम्हाला बाहेर जायला दरवाजा," ती म्हणे. आणि दरवाजे ती खरोखरच सुरेख करी. शेवटी स्थळं यायची थांबली, आणि तिला हायसं वाटलं.

या माणसाने दुकानाबद्दल एकच गोष्ट विचारली होती. "मिस्त्री, इथे एक बुटकं टेबल करता येईल? मुलांचे हात उंचावर पोचत नाहीत." तिने ते त्याच दिवशी केलं. करताना तिला कळलं, की दुकान बंद होण्यापेक्षाही आता तिला दुसऱ्या कशाची तरी धास्ती वाटते. शिबिर संपत आलं होतं. रविवारी शाळेच्या पटांगणात प्रदर्शन, आणि सोमवारी सर दुसऱ्या गावाला. आणि हा माणूस पात्यांबद्दल, वाऱ्याबद्दल, जगातल्या यच्चयावत स्क्रूंबद्दल बोले. पण मुद्द्यापाशी आला की चहा गार झाला म्हणून उठे.

मुलांना मात्र तो भलतं शूर व्हायला शिकवी. "मागणी आहे का, हे विचारल्याशिवाय माल करायचा नाही," तो बुटक्या टेबलाशी उकिडवा बसून सांगे. "लाजायचं नाही. दारात ताठ उभं राहायचं आणि स्पष्ट विचारायचं. फार तर काय, नाही म्हणतील."

"तुम्ही विचारता का सर, असं?" कानशीवरची नजर न काढता मिस्त्रीने विचारलं.

"मी... मी शिकवतो," तो म्हणाला आणि चहा घ्यायला उठला.

प्रदर्शनाच्या आदल्या सकाळी मुलं घरोघर मागणी विचारत निघाली. मिस्त्री लाकूड आणायला गेली होती. मॅनेजर मागच्या दाराशी गेली. आत्या उंबऱ्यात बसून उशीचा अभ्रा शिवत होत्या.

"आजी, मला सरांनी पाठवलंय. मागणीचं विचारायला."

आत्यांची सुई थांबली. "मागणी? आणि स्वतः का नाही आले?"

"ते म्हणाले, मी समोर असलो की लोक भिडेखातर हो म्हणतात."

"शहाणा दिसतोय." आत्यांनी अभ्रा बाजूला ठेवला. "आणखी कुठे विचारलंत?"

"सगळ्या गल्लीत."

"सगळ्या गल्लीत?"

"हो. सर म्हणतात, एका घरावर भागत नाही. जितक्या घरी जमेल तितकं चांगलं."

आत्यांच्या भुवया कपाळावर जाऊन बसल्या.

"नमुना दाखवू का?" मॅनेजरने विचारलं.

"नमुना पाहिलाय मी. रोज येतो दुकानात."

"टिकाऊ आहे, आजी. खातपीत काही नाही. वारं लागलं की नुसती खडखड करतो. शेतात उभा करून ठेवला तरी तक्रार नाही."

"बाकी गल्लीचं मला माहीत नाही," आत्या कडक आवाजात म्हणाल्या. "आमच्या घरची अट एकच. दुकान बंद होणार नाही. कबूल असेल तर संध्याकाळी स्वतः यायचं. एकट्याने."

मॅनेजरने निरोप बिनचूक पोचवला. "सर, मिस्त्रीताईंच्या घरी मागणी पक्की! पण दुकान बंद करायचं नाही, असं म्हणतायत."

"बंद कशाला करायचं? दुकानातच तर विकायला ठेवायचाय," सर म्हणाले, आणि संध्याकाळी खडखड्या खांद्यावर टाकून हजर झाले.

मिस्त्रीला आत्यांनी सगळं सांगितलं होतं. ऐकताना तिच्या हातातली फळी निसटून पायावर पडली, आणि दुखलं ते तिच्या उशिरा लक्षात आलं. मग 'सगळ्या गल्लीत' हे शब्द आले, आणि तिला एकदम उलगडा झाला. ती खो खो हसली. हसता हसता थांबली. कारण उलगडा होण्याआधीचा तो एवढासा क्षण... तो परत हवा होता तिला. आत्यांना तिने काहीच सांगितलं नाही. रंधा घेऊन कोपऱ्यात उभी राहिली आणि मुळात गुळगुळीत असलेली फळी गुळगुळीत करू लागली.

"अट कबूल?" आत्यांनी विचारलं.

"अगदी. दुकान तर चालूच राहायला हवं. उलट वाढवू."

आत्या जरा मवाळल्या. "आणि ही तुमची गावोगावची भटकंती?"

"शिबिरं चालू राहतील. पण माल इथेच तयार होईल. मी येऊन-जाऊन असेन."

"येऊन-जाऊन?" आत्यांचा आवाज चढला. "आणि गल्लीतल्या बाकीच्या घरांचं काय ठरवलंत?"

"ज्यांनी हो म्हटलंय त्यांना टप्प्याटप्प्याने देऊ."

कोपऱ्यातून रंध्याचा आवाज थांबला. कुणाचे तरी खांदे गदगदत होते.

"अहो, लाज आहे का काही!" आत्या उभ्या राहिल्या. "आमची एकुलती एक पोर! तिने रोज रांगेत उभं राहायचं काय?"

"पोर?" सर म्हणाले. "कुठली पो..."

आणि मग त्यांना कळलं. आधी कान लाल झाले, मग मान, मग खांद्यावरचा खडखड्याही मला वाटतं थोडा लाल झाला. त्यांनी कोपऱ्याकडे पाहिलं. तिथे केसांत आकडा, आकड्यावर भुसा, आणि डोळ्यांत हसून आलेलं पाणी. ती आता हसत नव्हती. ती वाट पाहत होती. एक शब्द चुकला असता, 'माफ करा, गैरसमज झाला' एवढं जरी ते म्हणाले असते, तरी सोमवारची गाडी पकडून कायमचे गेले असते.

पण आपला गडी वाघ निघाला! त्याने खडखड्या खाली ठेवला. ताठ उभा राहिला. एकदाही न अडखळता, घुमणाऱ्या आवाजात म्हणाला, "आत्या, गल्लीत विचारली ती खडखड्याची मागणी. ही माझी. हे दुकान आणि ही मिस्त्री, दोन्हींवर माझा जीव आहे..." असं घटकाभर बोलत राहिला, नि आत्यांच्या डोळ्यांना पदर...

"अहो, पुरे झाल्या थापा! काय घुमणारा आवाज! पोरांनो, ऐका मी सांगते. हे 'मा' म्हणाले आणि अडकले. मा... मा... मा... आणि खडखड्या खाली कुठला ठेवतायत, हात असे थरथरत होते की तो घरातल्या घरात वाजायला लागला, वारा नसताना! आत्या म्हणाली, याला पाणी द्या. शेवटी रंधा ठेवून मलाच पुढे यावं लागलं. म्हटलं, 'आत्या, राहू दे. मागणी माझ्याकडून आहे. पुरवठा कधी करता, तेवढं यांना विचार.'"