दिपेश, ओ दे

बस गं प्रतिक्षा. लाईट आल्याशिवाय मोटर फिरायची नाही आणि मोटर फिरल्याशिवाय तुझा ब्लाऊज व्हायचा नाही. लग्न उद्या आहे ना, आज तर नाही! थांब, मेणबत्ती लावते.

आणि आत्ता काय म्हणालीस तू? मैत्रिणीनं कसलंसं रडकं स्टेटस टाकलंय, नाटकी आहे मेली? असेल नाटकी. तरी तिला फोन कर. आत्ता, माझ्यासमोर. तोवर मी काजं करते.

झालं बोलून? रडली, मग हसली ना? उद्या भेटणार म्हणालीस ना? बरं झालं. आता माझ्याकडं असं बघू नकोस, हर्षदाताईच्या डोक्यावर परिणाम झालाय म्हणून. का सांगितलं ते ऐक.

आमचा पाडा तुला माहीत आहे. इथून जीपनं फाट्यापर्यंत जायचं आणि पुढं चालत. दिवाळी झाली, भात झोडून झालं, की सगळा पाडा वीटभट्टीवर जातो. भिवंडीकडं, वसईकडं. दारांना कुलपं, नाहीतर नुसती दोरी बांधलेली. मी लग्न करून मोखाड्यात आले म्हणून सुटले, नाहीतर मीही विटा थापत बसले असते. पण पाड्याचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहे, त्यावर सगळे असतात. भट्टीवरचे, ठाण्यातले, सगळे. फुलांचे फोटो, देवांचे फोटो आणि दिपेशचे व्हिडिओ. आमच्या शेजारचा तो. पोलीस भरतीसाठी पळायचा, पळता पळता बकऱ्यांशी बोलायचा आणि त्याचं शूटिंग टाकायचा. हसून हसून पोट दुखायचं बघ.

मार्गशीर्ष होता. बाजाराचा दिवस, दुकानात दिवसभर गर्दी. दिवेलागणीला गिऱ्हाईक संपलं तसं मी शटर निम्मं खाली ओढलं, चहा टाकला आणि फोन बघितला. दिपेशनं ग्रुपवर लिहिलं होतं, "माझ्या कोंबड्या कुणीतरी घेऊन जा. काही चुकलं असेल तर माफ करा. सगळ्यांना रामराम."

खाली लोकांनी हात जोडले होते. एकानं विचारलं होतं, "किती किलोच्या आहेत रे?" त्यावर बाकीच्यांचे हसरे चेहरे. एकजण म्हणाला, "दुबईला चालला का भावा?" सगळ्यांनी वाचलं होतं. एकानंही त्याला फोन लावला नव्हता.

त्या कोंबड्या त्यानं पिल्लापासून वाढवल्या होत्या गं. चुलतभावाच्या हळदीला मागितल्या, तेव्हासुद्धा भांडला होता.

फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला. मग उचलला. नुसता श्वास आणि मागं रातकिड्यांची किरकिर.

"दिपेश, मी हर्षूताई."

"हं."

"कुठं आहेस?"

"आंब्याखाली."

त्यांच्या अंगणाच्या टोकाला आंबा आहे. तिथंच काय ती रेंज येते. घरात पाऊल टाकलं की फोन कट. आईबाप भट्टीवर, हा एकटाच तिथून परत आलेला. सगळ्या पाड्यात दुसरं माणूस नाही.

आता बघ, एकदा मी दवाखान्याचं काम करणाऱ्या आशाताईंच्या मीटिंगला गेले होते, त्यांच्या साड्यांवरच्या ब्लाऊजची मापं घ्यायला. तिथं एक मॅडम सांगत होत्या, असं कुणी बोललं तर आडून आडून विचारू नका, सरळ विचारा. विचारल्यानं कुणाच्या डोक्यात ते शिरत नाही, उलट ओझं हलकं होतं. मी टेप धरून उभी होते, तेवढंच कानावर पडलं. तेच आठवून सरळ विचारलं.

"दिपेश, तुझ्या मनात जीव द्यायचं आहे का?"

मग तो रडायला लागला. लहान पोरासारखा, हुंदके देऊन.

"हो ताई," म्हणाला. "झोपच लागत नाही. किती दिवस झाले. आता बास वाटतं."

मी त्याला आईबापाचा विचार कर, असं म्हटलं नाही. एवढी चांगली तब्येत तुझी, तुला काय कमी, असंही नाही. जिभेवर आलं होतं, गिळलं. म्हटलं, "सांगितलंस ते बरं केलंस. मी इथंच आहे. फोन ठेवणार नाही. तूही ठेवायचा नाहीस."

माझ्याकडं दुसरा साधा फोन आहे, गिऱ्हाइकांचा. तो दुसऱ्या कानाला लावून जिवाकाकाला फोन केला. ओहोळापलीकडच्या पाड्यातला म्हातारा, बैल राखायला एकटाच मागं राहिलेला. त्याला म्हटलं, "दिपेशकडं जा. आत्ता. जेवत असशील तर हात धुऊ नकोस." म्हातारा कुरकुरला, दिसत नाही, थंडी आहे. मी अशा शिव्या घातल्या की तुझ्यासमोर सांगता यायच्या नाहीत. निघाला मग.

त्याला पोचायला वेळ लागणार होता. मी दिपेशला बोलतं ठेवलं. कोंबड्या टोपलीखाली डालल्या का? डालल्या. जेवलास का? नाही. धुकं आहे का? आहे ताई, घर दिसत नाही इथून.

आणि तेवढ्यात फोनमधून मला ऐकू आलं. लांबून, हळू, लांबवलेली हाक...

"दिपेऽऽश..."

एकदाच.

रातकिडे थांबले.

"आई बोलावतेय," दिपेश म्हणाला. आवाज एकदम शांत झाला होता त्याचा. रडणं गेलं. मला तीच शांतता नको होती बघ.

"आई भट्टीवर आहे रे."

"हो... पण बोलावतेय."

तुमच्याकडं आहे की नाही माहीत नाही, पण आमच्या पाड्यात दिवेलागणीनंतर पहिल्या हाकेला कुणी ओ देत नाही. माणूस तीनदा हाक मारतो. बाहेरचं मारतं ती सुटी, एका वेळी एकच. आणि ओ दिली की माणूस त्याच्यामागं चालायला लागतो. लहानपणी रांगतानाच हे कानात भरतात. माझ्या तोंडून आपोआप निघालं, "ओ देऊ नको! तोंड गच्च मीट!"

आणि बोलल्याबरोबर मनात आलं. जिवाकाका असला तर? म्हातारा धुक्यात उभा राहून हाक मारतोय, आतून ओ येत नाही... कुणी नाही समजून माघारी फिरला तर?

दुसरा फोन कानाला लावला. "काका, पोचलास का? हाक मारलीस का तू?"

"कुठली हाक? अजून ओहोळाच्या अलीकडं हाय मी. बॅटरी अंधुक हाय."

चहा उतू जाऊन गॅस विझला होता, त्याचा वास दुकानभर पसरला होता. उठून बटण कसंबसं बंद केलं, पण फोन सोडले नाहीत.

"दिपेऽऽश..."

आता जवळून. विहिरीच्या बाजूनं. आणि ह्या वेळी आवाज त्याच्या आईचा नव्हता, कुणाचाच नव्हता. नुसतं मायेनं बोलावल्यासारखं. मला सुद्धा वाटलं गं, जावं. खोटं कशाला बोलू!

पानं वाजली. दिपेश उठून उभा राहिला होता.

"ताई, जातो मी. तिकडं गेलं की झोप लागेल..."

"दिपेश!" मी ओरडले. "दिपेश! दिपेश! मला ओ दे!"

काही नाही.

"ए दिपेश! बकऱ्यांशी बोलतोस आणि माझ्याशी बोलायला जीव जातो का रे तुझा? दिपेश! दिपेश! ओ दे!"

"...ओ," म्हणाला. बारीकसं.

"पुन्हा. दिपेश, दिपेश, दिपेश!"

"ओ ताई."

मग तेच धरलं. मी तीनदा हाक मारायची, त्यानं ओ द्यायची. समजावणं नाही, उपदेश नाही, मला दुसरं काही सुचतच नव्हतं. मधेच ती हाक यायची, कधी घरामागून, कधी अगदी आंब्याच्या बुंध्याशी... आणि ती आली की मी जास्त मोठ्यानं ओरडायची. घसा फाटला. बाहेरून जाणाऱ्या दोघा-तिघांनी शटरखालून डोकावून बघितलं, म्हटलं बघा काय बघायचं ते.

आणि मग फोनमधून खणखणीत आवाज आला. "दिपेश! दिपेश! ए दिप्या!"

जिवाकाका! तो खोकला मी कुठंही ओळखला असता. पण दिपेश ओ देईना. मीच तोंड मीट म्हणून घाबरवून ठेवलेला! पोरगा झाडाला पाठ लावून उभा होता, नंतर सांगितलं त्यानं.

"कोन नाय का रं हितं?" काकाचा आवाज जरा लांब गेला. "मी चाललो मग..."

"ओ दे!" मी किंचाळले. "तीनदा मारली ना हाक! माणूस आहे तो! आपला जिवाकाका आहे! दिपेश, ओ दे!"

"ओऽऽऽ!"

अशी ओ दिली त्यानं, प्रतिक्षा, की फोन फाटला असता. मग पावलं, काकाच्या बॅटरीचा खडखडाट, आणि म्हातारा म्हणाला, "अरे पोरा, अरे माझ्या पोरा, किती गार पडलास!" आणि माझा जीव भांड्यात पडला. मी खाली फरशीवर बसले आणि मोठ्यानं रडले. एवढं हलकं मला माझी पोरगी झाली तेव्हासुद्धा वाटलं नव्हतं.

त्या रात्री काका त्याला आपल्या घरी घेऊन गेला, नागलीची भाकर खायला घातली, कांबळ्यात घेऊन झोपला. मी १४४१६ ला फोन केला. सरकारचाच नंबर आहे, चोवीस तास चालू असतो, मनाच्या दुखण्याचा. त्यांनी दिपेशशीही नीट बोलून घेतलं. सकाळी जीप पाठवून त्याला इथं दवाखान्यात आणलं. आई भट्टीवरून आली. गोळ्या सुरू झाल्या, दर महिन्याला डॉक्टरांशी बोलणं सुरू झालं. झोप यायला लागली. सगळं छान झालं असं नाही. वाईट दिवस येतात त्याला, पण आता तसा दिवस आला की फोन करतो. "ताई, आज जड आहे," एवढंच म्हणतो आणि दुकानात येऊन बसतो. मी त्याला गुंड्या लावायला देते. एकही सरळ लावत नाही. ग्रुपवाल्यांना मी चांगलं खडसावलं. ज्यानं किलो विचारले होते, तो आता दिपेशला रोज सकाळी फोन करतो. कोंबड्या दिपेशकडंच आहेत. परवा बकरीशी बोलतानाचा नवा व्हिडिओ टाकलाय त्यानं, बघ कधी.

पण एक गोष्ट मी कुणाला सांगितली नाही.

होळीच्या आधी जिवाकाका सदरा शिवायला आला होता. मी खांद्याचं माप घेत होते. म्हटलं, "काका, त्या दिवशी माझ्या शिव्या मनावर घेऊ नकोस हं."

म्हातारा हसला. म्हणाला, "शिव्या घातल्यास म्हनून तर निघालो. नायतर ती दुसरी सांगत व्हती, त्यावरच इश्वास ठेवला असता."

"कोण दुसरी?"

"तुझ्या बाजूला बसून बोलत व्हती ती बाई. तू मला फोन केलास तवा. हळूच सांगत व्हती, नका येऊ काका, तो झोपलाय, उगाच उठवू नका. लय गोड आवाज. तुझ्यापेक्षा गोड."

टेप माझ्या हातातून खाली पडला.

मी त्या वेळी एकटी होते गं, प्रतिक्षा. आत्ता तू बसलीयस ना, तिथं नुसता कापडांचा ढीग होता.