बर्मा सागाची पहिली बोली

अब्रारच्या बाईकला कुंभिवलीत नेमकं आमच्या वखारीसमोरच पंक्चर व्हायचं होतं! चाक दुरुस्त होईपर्यंत सावलीला म्हणून तो आत आला आणि पाडलेल्या घरांच्या जुन्या तुळयांवरून हात फिरवत राहिला.

"कुठलं लाकूड हाय हे?"

"बर्मा साग," मी म्हटलं. अब्बा जेवायला गेले होते, गल्ल्यावर मीच होते.

"म्यानमार म्हणा. नाव बदलून पस्तीस वर्षं झाली."

"देशाचं बदललं असेल. लाकडाला कुणी सांगितलंच नाय!"

तो हसला... आणि मी उगाचच ओढणी सारखी केली.

कळंबच्या बंगल्यांचं फर्निचर तो करायचा. मग दर आठवड्याला यायला लागला — कधी फळीला, कधी नुसत्याच चौकशीला.

"पण सगळे अजून बर्माच का म्हणतात गं?"

"तोंडात बसलेलं नाव निघत नाय. आमच्या दशरथ सुतारांनी तो देश नकाशातसुद्धा बघितला नाय, पण वासावरून सांगतात बर्मा म्हणून."

"आणि माझं नाव... बसलं का कुणाच्या तोंडात?"

"बसलं तर कळवू!"

अब्बांचा धंद्यातला एकच धडा होता : गिऱ्हाइकाच्या पहिल्या बोलीला नाही म्हणून मान हलवायची. ते फाटकापर्यंत जातं, वळतं, मग खरा सौदा होतो. अब्रारनं मात्र कधी घासाघीस केली नाही. सांगितला तो भाव दिला, बस्स.

डिसेंबरात तो म्हणाला, "पुण्याला बोलावलंय कामाला. जायच्या आधी... घरच्यांना पाठवू तुझ्याकडे?"

आत सगळं हो-हो म्हणत होतं. पण मेली मान! ती सवयीनं नाही म्हणून हलली. वाटलं, फाटकापाशी वळेल, पुन्हा विचारेल. तो वळला नाही. मीही हाक मारली नाही. वखारवाल्याची पोर ना मी, गिऱ्हाइकामागं कशी धावणार?

दोन वर्षं गेली. दिवसातून दहादा कुणीतरी 'बर्मा हाय का' विचारायचं, आणि दरवेळी मला अब्रार आठवायचा.

गेल्या महिन्यात तो आला. बायकोसोबत, पलंगासाठी लाकूड बघायला.

"बर्मा हाय का?" त्यानंच विचारलं. "तुझ्यामुळं हेच नाव बसलंय बघ."

ती पलीकडे फळ्या बघत होती. मला राहवलं नाही. "अब्रार, त्या दिवशी मी मान हलवली ना... ती पहिल्या बोलीला हलवतात तशी. तू परत विचारशील म्हणून. माझं हो होतं रे."

त्यानं फाटकाकडं बोट दाखवलं. "मी बाहेर थांबलो होतो, रुबिना. भिंतीच्या आड, बाईकपाशी — अर्धा तास. तू हाक मारशील म्हणून."

तेवढ्यात पलीकडून त्याच्या बायकोनं हाक मारली, आणि तो लगेच वळला.